दांडीतला खडा

शाहूपुरीतल्या एजंटानं मोबाइलवर चित्र पाठवलं:
उंच चषक, बारीक दांडी, पोटावर द्राक्षवेल,
खाली इंग्रजीत कुठल्याशा मळ्याचं नाव.
अण्णांनी ते जसंच्या तसं उतरवलं
अक्षर न ओळखता,
शेजारणीची रांगोळी उतरवावी तसं.

‘बक्षीस कशाचं?’
‘वाइनचं. फसफसणाऱ्या.
विलायतेत चुनखडीच्या टेकडीवर पिकतात द्राक्षं.
दरसाल मेजवानी असते. गवतावर टेबलं,
बायका टोप्या घालून येतात, बँड असतो,
मध्यरात्रीपर्यंत चालतं म्हणे.’

आमच्या घरात दिवस मावळला की ताट वाढत नाहीत.
हुपरीच्या बस्तीत अण्णांचं नाव देणगीच्या पाटीवर आहे,
बाळगोंडा आदगोंडा, चौथी ओळ.
आई भिंतीकडं बघत राहिली.
अण्णा बराच वेळ कानस पुसत बसले,
मग म्हणाले,
चांदीला कुठं चव असते.

मोबाइलमधलं पान त्यांना पटेना.
हे पान उन्हात कुणी बघितलेलंच नाही, म्हणाले.
तासगावच्या मावशीनं कंडक्टरच्या हाती डहाळी धाडली,
ओल्या फडक्यात, बाळंतिणीच्या पोरासारखी गुंडाळून.
त्यातल्या एका पानाला किडीनं भोक पाडलेलं.
अण्णांनी भोकही काढलं.
एजंट म्हणाला, ‘हे काय?’
‘हे पान,’ अण्णा म्हणाले.

तीन पिढ्या आम्ही पैंजण करतो.
मुका दागिना अण्णांच्या हाताला सोसत नाही.
दांडीला डाग द्यायच्या आधी
(फुंकणी माझ्या तोंडात होती,
बोलायला मी मोकळी नव्हते)
त्यांनी पोकळीत एक खडा सोडला,
ज्वारीच्या दाण्याएवढा,
आणि माझ्याकडं बघितलं नाही.

पत्र आलं आषाढात.
एजंटानं उभ्याउभ्याच वाचलं.
बक्षीस मालकाला नव्हतं,
तीस वर्षं वेलींची छाटणी करणाऱ्या एका म्हातारीला होतं.
तिनं चषक उचलला आणि तो वाजला.
बँड थांबला. परीक्षक एकमेकांकडं बघायला लागले.
तिनं पुन्हा हलवला. मग पुन्हा.
‘आत काही तुटलं असावं,’ कंपनीनं लिहिलं होतं,
‘दुरुस्त करून मिळेल का?’
आणि तळाशी, वेगळ्या, थरथरत्या अक्षरात
दोनच शब्द.
एजंटानं दोनदा बघून सांगितले:
करू नका.

पत्राबरोबर एक बाटली होती.
ती राहिली पत्र्याखाली, टाकणखाराच्या डब्यामागं.
एजंट तीनदा तिची चौकशी करून गेला,
चौथ्यांदा पिशवी घेऊनच आला, तशीच परत नेली.
प्यायची नाही, फेकायची नाही,
पाहुण्याला हाकलत नाहीत तशी ती राहिली.
अण्णांनी फक्त बुचावरची तारेची जाळी सोडवून घेतली,
पीळ बघायला.
‘यांचा कारागीर बरा आहे,’ म्हणाले,
आणि त्या पिळाचं एक कर्णफूल केलं,
जे अजून विकलं गेलेलं नाही.

वैशाखातल्या एका रात्री
वर्कशॉपात बार उडाला.
गॅसची टाकी गेली म्हणून गल्ली जागी झाली,
भाऊ वाळूची बादली घेऊन धावला.
बघतो तर बूच पत्र्याला पोचा पाडून खाली पडलेलं,
आणि पांढरा फेस शांतपणे
कानसाच्या कचऱ्यातून वाट काढत निघालेला,
जिथं वर्षभराची चांदी सांडलेली असते.

झारेकरी आला महिनाअखेर.
कचरा धुता धुता थांबला, हुंगला, पुन्हा हुंगला.
‘अण्णा, ह्या खेपेला कशाचा वास म्हणायचा हा?
कच्च्या सफरचंदाचा?’
अण्णांनी उत्तर दिलं नाही.
खिशातून ते बूच काढलं,
कानाशी धरून हलवलं.

मुकंच होतं.